नागरी उद्योग, सेनादले आणि राज्य : भारतातील संरक्षण-तंत्रज्ञान सहकार्याचा आढावा

देशातील कारखाने, विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि संगणक-कंपन्या ज्या ज्ञानावर उभ्या असतात, त्या ज्ञानाचा संरक्षणासाठी किती आणि कोणत्या मार्गाने उपयोग करून घ्यावा, हा प्रश्न दुसऱ्या महायुद्धापासून प्रत्येक मोठ्या राज्यापुढे उभा राहिला आहे. त्याची उत्तरे देशोदेशी वेगळी निघाली, आणि एकाच देशातही ती काळानुसार बदलत गेली. लष्करी संशोधनातून निघालेले तंत्र नागरी जीवनात उतरणे, ही या व्यवहाराची एक दिशा. बाजारासाठी तयार झालेले तंत्र लष्कराने आपल्या कामासाठी उचलणे, ही दुसरी. या दोहोंच्या मुळाशी धातुविज्ञान, इलेक्ट्रॉनिक्स, अचूक यंत्रकाम, रसायने आणि प्रशिक्षित मनुष्यबळ यांचा समाईक पाया असतो, आणि तो कच्चा असला तर दोन्ही दिशांचे येणेजाणे थांबते. या विषयावरील बहुतेक भारतीय लेखन खाजगी क्षेत्राला संरक्षण उत्पादनात प्रवेश द्यावा की नाही, या प्रश्नाभोवती फिरत राहिले. तो प्रश्न २००१ मध्येच निकालात निघाला. त्यानंतरच्या अनुभवाचा बारकाईने विचार केला, तर खरी अडचण प्रवेशाच्या पुढच्या पायरीवर दिसते: जे राज्य नवा नमुना तयार करायला सांगते, तेच राज्य तो नमुना विकत घेण्याचा निर्णय वेळेवर करते का, आणि पहिल्या अपयशानंतरही निर्मात्याच्या सोबत राहते का?

अमेरिकेचा दाखला या चर्चेत सर्वाधिक दिला जातो, पण त्यातील महत्त्वाचा धागा बहुधा सुटतो. १९४१ मध्ये व्हॅनेव्हर बुश यांच्या नेतृत्वाखाली स्थापन झालेल्या वैज्ञानिक संशोधन व विकास कार्यालयाने विद्यापीठांना सैन्यात विलीन न करता कराराने कामाला लावले. सोव्हिएत उपग्रह स्पुटनिकच्या धक्क्यानंतर १९५८ मध्ये संरक्षण खात्याची 'आर्पा' ही संशोधन-संस्था निघाली आणि तिच्या पैशातून १९६९ मध्ये संगणकांचे पहिले दूरस्थ जाळे सुरू झाले. ही कथा सर्वपरिचित आहे. संशोधनासाठी दिलेल्या अनुदानाइतकेच, किंबहुना त्याहून अधिक परिणामकारक ठरले ते सरकारचे ग्राहक म्हणून वागणे. साठच्या दशकाच्या प्रारंभी एकात्मिक परिपथ, म्हणजे आजच्या चिपचे आद्य रूप, इतके महाग होते की नागरी बाजारात त्यांना गिऱ्हाईक नव्हते. मिनिटमन क्षेपणास्त्र आणि अपोलो चांद्रमोहीम यांनी ते मोठ्या संख्येने विकत घेतले, उत्पादन वाढले, किंमत उतरली आणि मग तो उद्योग स्वतःच्या पायांवर उभा राहिला. १९८२ च्या एका कायद्याने केंद्रीय संशोधन निधीचा ठराविक हिस्सा लहान कंपन्यांसाठी राखून ठेवला, तोही याच वृत्तीचा पुढचा टप्पा होता.

पुढे नागरी इलेक्ट्रॉनिक्सचा बाजार एवढा विस्तारला की लष्कर त्यातील एक किरकोळ ग्राहक उरले आणि प्रवाहाची दिशा उलटली. २०१५ मध्ये अमेरिकी संरक्षण खात्याला सिलिकॉन व्हॅलीत स्वतंत्र कार्यालय उघडावे लागले, कारण तेथील कंपन्यांना सरकारी निविदांच्या कागदपत्रांत वेळ घालवण्याचे कारण उरले नव्हते. २०१८ मध्ये ड्रोनने टिपलेल्या चित्रफितींचे कृत्रिम बुद्धिमत्तेने विश्लेषण करणाऱ्या 'मेव्हन' प्रकल्पाविरुद्ध गूगलच्या तीन हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांनी सह्या केल्या आणि कंपनीने तो करार पुढे वाढवला नाही. २०२५ मध्ये त्याच कंपनीने शस्त्रांसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता न वापरण्याचे आपले जाहीर वचन तत्त्वांच्या यादीतून काढून टाकले. कंपनीतील तंत्रज्ञांना संमती देण्याचा आणि नाकारण्याचा अधिकार असतो, हे २०१८ च्या प्रसंगाने दाखवले. तो अधिकार बाजाराच्या आणि राजकारणाच्या दाबाखाली किती काळ टिकतो, हेही पुढच्या सात वर्षांत स्पष्ट झाले.

चीनने हाच प्रश्न राज्याच्या आज्ञेने सोडवायचे ठरवले. माओच्या काळात देशाच्या अंतर्भागात हलवलेले अवजड लष्करी कारखाने डेंग शियाओपिंग यांच्या राजवटीत मोटारसायकली आणि घरगुती वस्तू बनवू लागले. 'लष्करी आणि नागरी, शांतता आणि युद्ध यांची सांगड' हे सूत्र १९८२ मध्ये पुढे आले आणि १९८६ च्या '८६३' कार्यक्रमाने अवकाश, लेसर, स्वयंचलन अशा दुहेरी उपयोगाच्या क्षेत्रांना पैसा पुरवला. सैन्यानेच व्यापार करण्यातून भ्रष्टाचार इतका माजला की १९९८ मध्ये जियांग झेमिन यांना सैन्याला धंद्यातून बाहेर पडण्याचा आदेश द्यावा लागला. २०१५ मध्ये 'लष्करी-नागरी एकीकरण' हे राष्ट्रीय व्यूहनीतीच्या दर्जाला नेण्यात आले आणि जानेवारी २०१७ मध्ये शी जिनपिंग यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी केंद्रीय आयोग नेमला गेला. त्याच वर्षीच्या गुप्तवार्ता कायद्याने प्रत्येक संस्थेला आणि नागरिकाला राज्याच्या गुप्तवार्ता-कार्यात साह्य करणे बंधनकारक केले. या धोरणाची जाहीर वाच्यता जितकी वाढली, तितका परदेशांचा संशयही वाढला. २०२० मध्ये अमेरिकेने या एकीकरणाशी संबंधित चिनी संस्थांतील पदव्युत्तर विद्यार्थी आणि संशोधकांना व्हिसा नाकारण्याची घोषणा केली, आणि २०२२ च्या पक्ष-अधिवेशनाच्या अहवालात एकीकरणाऐवजी 'एकात्मिक राष्ट्रीय व्यूहात्मक क्षमता' अशी सौम्य भाषा आली. आज्ञेने उभारलेल्या सहकार्याची किंमत अखेर देशातील निष्पाप नागरी विद्यापीठांना आणि कंपन्यांना जगाच्या अविश्वासाच्या रूपाने मोजावी लागते, हा या अनुभवातील महत्त्वाचा धडा भारतीय धोरणकर्त्यांनी नीट लक्षात घेतलेला नाही.

भारताची सुरुवात खाजगी पुढाकाराने झाली होती, ही गोष्ट आज पुष्कळांच्या विस्मरणात गेली आहे. सोलापुरात जन्मलेले वालचंद हिराचंद यांनी डिसेंबर १९४० मध्ये म्हैसूर संस्थानाच्या भागीदारीने बंगळूरला हिंदुस्तान एअरक्राफ्ट ही कंपनी काढली आणि १९४१ मध्ये विशाखापट्टणमला सिंदिया कंपनीच्या जहाजबांधणी गोदीची पायाभरणी झाली. युद्धकाळात ब्रिटिश सरकारने विमान कारखान्यात भांडवल घातले आणि १९४२ मध्ये त्याचे व्यवस्थापन ताब्यात घेतले; त्याचेच पुढे १९६४ मध्ये हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजे 'एचएएल' झाले. गोदीतून 'जल उषा' हे जहाज १९४८ मध्ये पाण्यात उतरले, आणि कालांतराने तीही सरकारी झाली. या दोन्ही उद्योगांत कल्पना, जोखीम आणि पहिले भांडवल नागरी होते. राज्य आले ते मालक म्हणून, गिऱ्हाईक म्हणून फार कमी.

स्वातंत्र्यानंतरच्या १९४८ च्या औद्योगिक धोरण ठरावाने शस्त्रे व दारूगोळा, अणुऊर्जा आणि रेल्वे ही तीन क्षेत्रे केंद्र सरकारच्या एकाधिकाराखाली ठेवली आणि १९५६ च्या ठरावाने ही रेघ अधिक ठळक केली. त्यामागे भांडवलशाहीविषयीचा अविश्वास होता, तसेच खाजगी भांडवलाची दुर्बलता आणि फाळणीनंतरची असुरक्षितताही होती, त्यामुळे त्या निर्णयाला आजच्या निकषांवर चूक ठरवणे इतिहासाला धरून होणार नाही. दोष होता तो वेगळा. १९४८ मध्ये संरक्षण मंत्र्यांचे वैज्ञानिक सल्लागार झालेले दौलतसिंह कोठारी आणि त्याच वर्षी अहवाल देणारे ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञ पी. एम. एस. ब्लॅकेट यांनी संरक्षण-विज्ञानाची जी मांडणी केली, तिच्यात नागरी कारखान्याला स्थान जवळजवळ नव्हते. १९५८ मध्ये सैन्याच्या तांत्रिक विकास आस्थापना आणि संरक्षण विज्ञान संघटना एकत्र करून संरक्षण संशोधन व विकास संघटना, अर्थात 'डीआरडीओ', स्थापन झाली. संशोधन तिच्याकडे, उत्पादन आयुध निर्माण्या आणि सार्वजनिक कंपन्यांकडे, वापर सैन्याकडे, अशी तीन स्वतंत्र दालने तयार झाली, आणि त्यांच्यातील दारे उघडण्याची जबाबदारी कोणावरच राहिली नाही.

चीनबरोबरच्या युद्धातील १९६२ च्या पराभवाने हे चित्र काहीसे बदलले. त्या नोव्हेंबरात संरक्षण उत्पादन विभाग निघाला, आणि यशवंतराव चव्हाण संरक्षण मंत्री असताना १९६५ मध्ये संरक्षण पुरवठा हा वेगळा विभाग सुरू झाला, ज्याचे काम आयात होणाऱ्या सुट्या भागांसाठी नागरी उद्योगांतून देशी पर्याय उभे करणे हे होते. नागरी उद्योग आणि संरक्षण यांना जोडणारी ही स्वतंत्र भारतातील पहिली खास यंत्रणा म्हणता येईल. तिच्यामुळे पुणे-पिंपरी, मुंबई-ठाणे, बंगळूर आणि लुधियाना येथील असंख्य लहान कारखाने सैन्याचे पुरवठादार झाले, पण ते सांगितलेला भाग सांगितलेल्या मापात बनवणारे पुरवठादार राहिले. रचनेत त्यांचा सहभाग नव्हता. १९८४ मध्ये हे दोन्ही विभाग एकत्र झाले.

सहकार्याचा सर्वात फलदायी अध्याय या अधिकृत चौकटीच्या बाहेर लिहिला गेला, आणि त्याच्याकडे अभ्यासकांनी अधिक लक्ष द्यायला हवे. अवकाश विभाग आणि अणुऊर्जा विभाग यांना शस्त्र-उत्पादनाच्या बंधनांत काम करावे लागत नव्हते. इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर इंडस्ट्रीज साखर कारखान्यांची यंत्रे बनवत होती. सत्तरच्या दशकापासून तिने इस्रोच्या प्रक्षेपकांसाठी मोटर केसिंग, म्हणजे घन इंधन भरण्याची पोलादी नळकांडी, तयार करायला घेतली. कपाटे आणि कुलुपे बनवणाऱ्या गोदरेजच्या विक्रोळी कारखान्यात 'विकास' हे द्रवइंधन इंजिन बनू लागले. लार्सन अँड टुब्रोने अणुभट्ट्यांची पात्रे घडवली आणि त्याच कौशल्याच्या जोरावर आण्विक पाणबुडी 'अरिहंत'चा सांगाडा हजिरा येथे तयार केला. ही पाणबुडी जुलै २००९ मध्ये पाण्यात उतरली, परंतु तिच्यामागचे काम त्यापूर्वी अनेक वर्षे, खाजगी क्षेत्राला शस्त्रनिर्मितीची औपचारिक मुभा नसतानाच्या काळापासून, चालले होते. एसएलव्ही-३ या प्रक्षेपकाच्या प्रकल्पाचे नेतृत्व केलेले ए. पी. जे. अब्दुल कलाम १९८२ मध्ये हैदराबादच्या संरक्षण प्रयोगशाळेत गेले आणि त्यांच्यासोबत उद्योगांशी करार करून काम करून घेण्याची ही रीतही १९८३ च्या एकात्मिक क्षेपणास्त्र कार्यक्रमात गेली.

ही रीत यशस्वी का झाली, याचे उत्तर कारखान्यांच्या कौशल्यापेक्षा खरेदीदाराच्या स्वभावात अधिक सापडते. इस्रो आणि अणुऊर्जा विभाग हे रचनाकारही होते आणि वापरकर्तेही. त्यांचे अभियंते कारखान्यात येऊन बसत, वेल्डिंगमधील दोष एकत्र शोधत, आणि पहिली नग-तुकडी नापास झाली तरी दुसरीची मागणी मागे घेत नसत. पैसा संशोधनासाठी वेगळा आणि उत्पादनासाठी वेगळा असा तुटक येत नव्हता. सेनादलांच्या बाबतीत मात्र वापरकर्ता एक, रचनाकार दुसरा आणि पैसे देणारा वित्त विभाग तिसरा असे. त्यामुळे एका टोकाला झालेली चूक दुसऱ्या टोकाला अपराध ठरत असे.

बाहेरून झालेल्या तंत्रज्ञान-नकाराने नागरी पायाचे महत्त्व आणखी अधोरेखित केले. ऐंशीच्या दशकात भारताने मागितलेला अधिक शक्तिशाली क्रे महासंगणक अमेरिकेने दिला नाही, आणि जो लहान दिला तो हवामानाच्या कामापुरता, देखरेखीच्या अटींसह दिला. त्यातून १९८८ मध्ये पुण्यात 'सी-डॅक' स्थापन झाले आणि विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये 'परम ८०००' तयार झाला. रशियाबरोबरचा क्रायोजेनिक इंजिनांचा करार अमेरिकी निर्बंधांमुळे १९९३ मध्ये आखडता घ्यावा लागला, आणि १९९८ च्या अणुचाचण्यांनंतर अनेक भारतीय प्रयोगशाळांवर निर्यातबंदी आली. जे तंत्र नागरी आणि लष्करी दोन्ही कामांना चालते, ते नाकारताना नाकारणारा देश हा भेद करत नाही, हे त्या दशकाने शिकवले. कलाम यांच्या अध्यक्षतेखालील समितीने नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला संरक्षण खरेदीतील स्वदेशीचा वाटा सुमारे ३० टक्के असल्याचे सांगून तो २००५ पर्यंत ७० टक्क्यांवर नेण्याचे लक्ष्य ठेवले. ते लक्ष्य गाठले गेले नाही.

मे २००१ मध्ये संरक्षण उत्पादन खाजगी भारतीय कंपन्यांना पूर्णपणे खुले झाले आणि परकीय गुंतवणुकीला २६ टक्क्यांची मर्यादा घालण्यात आली, जी पुढे टप्प्याटप्प्याने वाढून २०२० मध्ये सरकारी मंजुरीशिवाय ७४ टक्क्यांपर्यंत पोहोचली. २००५ मध्ये अर्थतज्ज्ञ विजय केळकर यांच्या समितीने या धोरणाला आशय देण्याचा गंभीर प्रयत्न केला. निवडक मोठ्या खाजगी कंपन्यांना 'रक्षा उद्योग रत्न' हा दर्जा देऊन त्यांना सार्वजनिक कंपन्यांच्या बरोबरीने वागवावे, आणि मोठ्या आयात-करारांत परदेशी विक्रेत्याने कराराच्या काही टक्के रक्कम भारतीय उद्योगांत परत गुंतवावी, म्हणजे 'ऑफसेट' द्यावा, अशा तिच्या दोन प्रमुख शिफारशी होत्या. पहिली सार्वजनिक क्षेत्रातील कामगार संघटनांच्या विरोधात अडकली आणि अमलात आली नाही. दुसरी ३०० कोटी रुपयांवरील करारांसाठी लागू झाली. तिचे फळ मात्र महालेखापरीक्षकांच्या २०२० च्या अहवालात दिसते. २००५ ते मार्च २०१८ या काळात ६६,४२७ कोटी रुपयांचे ४६ ऑफसेट करार झाले होते, त्यांपैकी डिसेंबर २०१८ पर्यंत १९,२२३ कोटींची पूर्तता अपेक्षित होती, आणि विक्रेत्यांनी दावा केला तो ११,३९६ कोटींचा. त्या दाव्यांतीलही निम्म्याहून कमी रक्कम संरक्षण मंत्रालयाने मान्य केली. परदेशी कंपनीला दंडाच्या भीतीने ज्ञान द्यायला लावता येईल, ही कल्पनाच मुळात कच्ची होती. विकणारा आपले गाभ्याचे तंत्र सोडून बाकी सर्व देऊ करतो, आणि घेणाऱ्याकडे ते पारखण्याची क्षमता नसली तर तो तेवढ्यावर समाधान मानतो.

२००६ पासून खरेदी-नियमांत 'मेक' हा वर्ग आला, ज्यात उद्योगाने नमुना विकसित करावा आणि खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा अशी तरतूद होती. पायदळाचे चिलखती वाहन आणि रणभूमी व्यवस्थापन यंत्रणा असे महत्त्वाकांक्षी प्रकल्प त्यात घेतले गेले, कंपन्यांनी गट बांधले, पथके नेमली, आणि वर्षामागून वर्षे निर्णयाची वाट पाहिली. रणभूमी व्यवस्थापन यंत्रणेचा प्रकल्प अखेर बंदच झाला. यामागे सैन्याच्या गरजांचा मसुदा, ज्याला 'क्यूआर' म्हणतात, तो जगातील निरनिराळ्या शस्त्रांतील सर्वोत्तम गुण एकत्र मागणारा असणे हे एक कारण होते. दुसरे कारण चाचण्यांचे: 'विनाखर्च, विनाबांधिलकी' या अटीखाली पुरवठादाराने स्वतःच्या खर्चाने यंत्र वाळवंटात, उंच पर्वतावर आणि समुद्रकिनाऱ्यावर न्यायचे, आणि ते उत्तीर्ण झाले तरी खरेदी होईलच असे नाही. तिसरे कारण 'एल-वन' या नावाने प्रत्येक लघुउद्योजकाच्या तोंडी असलेली सर्वात कमी दराची अट. ज्याने संशोधनावर पाच वर्षे घालवली, त्याच्या दरात ती पाच वर्षे मिळवलेली असतात. ज्याने घालवली नाहीत, तो स्वस्त ठरतो.

पुण्याच्या पाषाण येथील शस्त्रास्त्र संशोधन प्रयोगशाळेच्या, म्हणजे 'एआरडीई'च्या, दोन प्रकल्पांची तुलना या संदर्भात उद्बोधक आहे. 'पिनाक' अग्निबाण प्रणालीचा विकास ऐंशीच्या दशकात सुरू झाला, १९९९ च्या कारगिल युद्धात तिची प्रत्यक्ष रणभूमीवर परीक्षा झाली, आणि नंतर प्रक्षेपक टाटा व लार्सन अँड टुब्रोकडून आणि अग्निबाण आयुध निर्माण्यांकडून घेण्यात आले. पुढे नागपूरच्या सोलर समूहातील इकॉनॉमिक एक्सप्लोसिव्ह्ज ही मुळात खाण-स्फोटके बनवणारी कंपनीही त्यात आली, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्याशी व पुण्यात मुख्यालय असलेल्या म्युनिशन्स इंडिया या सरकारी कंपनीशी पिनाकच्या दारूगोळ्याचे सुमारे १०,१४७ कोटी रुपयांचे करार झाले. तुकड्यातुकड्यांनी का होईना, मागणी चालू राहिली, म्हणून सुधारित आवृत्त्या निघत गेल्या. दुसरा प्रकल्प १५५ मिलिमीटरच्या ओढत्या तोफेचा, 'अटॅग्स'चा. २०१३ च्या सुमारास सुरू झालेल्या या प्रकल्पात भारत फोर्ज आणि टाटा यांना आरंभापासून विकास-भागीदार म्हणून घेतले होते, तोफेने काही वर्षांतच ४७ किलोमीटरहून अधिक पल्ला गाठला, आणि तरीही ३०७ तोफांचा सुमारे ६,९०० कोटी रुपयांचा करार व्हायला मार्च २०२५ उजाडले. या काळात दोन्ही कंपन्यांनी अभियंते, यंत्रसामग्री आणि भांडवल अडकवून ठेवले, कारण त्या मोठ्या होत्या. एखादा पुण्याच्या भोसरीचा किंवा नाशिकच्या अंबडचा मध्यम कारखानदार बारा वर्षे थांबू शकत नाही, आणि म्हणूनच तो या क्षेत्रात सुट्या भागांपलीकडे जात नाही.

२०१८ पासूनच्या धोरणाने लहान उद्योगांसाठी अनुदानाची साखळी उभारली, हे त्याचे निःसंशय श्रेय आहे. त्या वर्षी एप्रिलमध्ये सुरू झालेल्या 'आयडेक्स' योजनेत सेनादले आपली अडचण जाहीर करतात आणि निवडलेल्या नवउद्योगाला दीड कोटी रुपयांपर्यंत साह्य मिळते. पुढे ही मर्यादा काही प्रकल्पांसाठी १० कोटी आणि २०२४ च्या 'अदिती' योजनेत २५ कोटींपर्यंत गेली. डीआरडीओचा तंत्रज्ञान विकास निधी ५० कोटींपर्यंतचे प्रकल्प घेतो. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात संरक्षण संशोधनाच्या तरतुदीतील २५ टक्के रक्कम उद्योग, नवउद्योग आणि विद्यापीठांसाठी खुली करण्याची घोषणा झाली, आणि ऑगस्ट २०२० पासून आयातीला बंदी असलेल्या वस्तूंच्या याद्या निघू लागल्या. १ ऑक्टोबर २०२१ रोजी आयुध निर्माणी मंडळ विसर्जित होऊन त्याच्या ४१ कारखान्यांच्या सात कंपन्या झाल्या. परंतु आयडेक्सचाच हिशेब पाहिला तर फेब्रुवारी २०२५ पर्यंत ४३० करार झाले होते आणि खरेदीला मान्यता मिळाली होती ती ४३ वस्तूंच्या, सुमारे २,४०० कोटी रुपयांच्या. पुष्कळ करार अलीकडचे आहेत, हे मान्य केले तरी नमुना आणि मागणी यांच्यातील दरी एवढी रुंद असणे काळजीचे आहे, कारण अनुदान संपल्यावर नवउद्योगाकडे दुसरा ग्राहक नसतो. आयडेक्स चालवणारी संस्था एचएएल आणि भारत इलेक्ट्रॉनिक्स या दोन सरकारी कंपन्यांनी स्थापन केलेली आहे, आणि पुष्कळ क्षेत्रांत याच कंपन्या त्या नवउद्योगांच्या प्रतिस्पर्धी ठरू शकतात. ही रचना बदलणे अवघड नाही आणि ती बदलली पाहिजे.

एकूण आकडे उत्साहवर्धक आहेत. २०२४-२५ मध्ये देशातील संरक्षण उत्पादन सुमारे १ लाख ५० हजार ५९० कोटी रुपयांवर गेले आणि निर्यात २३,६२२ कोटींवर. त्याच आकड्यांत एक अर्थपूर्ण तफावत दडलेली आहे: उत्पादनात खाजगी क्षेत्राचा वाटा सुमारे २३ टक्के होता, तर निर्यातीत तो १५,२३३ कोटी, म्हणजे जवळजवळ दोन-तृतीयांश. निर्यातीचा मोठा भाग परदेशी विमान आणि शस्त्र कंपन्यांना पुरवलेल्या सुट्या भागांचा आणि जोडण्यांचा असतो, जसे हैदराबादला तयार होणारे अपाची हेलिकॉप्टरचे सांगाडे, हे ध्यानात घेऊनही असे म्हणावे लागते की भारतीय खाजगी कारखान्यावर परदेशी खरेदीदाराचा जेवढा भरवसा बसला आहे, तेवढा अजून स्वदेशी खरेदीदाराचा बसलेला नाही.

ड्रोनच्या क्षेत्रात हा सारा प्रश्न एकवटून आला आहे. युक्रेनमधील युद्धाने दाखवले की छायाचित्रणासाठी आणि शेतीसाठी बनलेल्या यंत्रांच्या भागांतून रणगाडा निकामी करणारे शस्त्र काही आठवड्यांत तयार होते, आणि ज्या देशाकडे मोटर, बॅटरी, उड्डाण-नियंत्रक आणि कॅमेरा बनवणारा नागरी उद्योग आहे, त्याच्याकडे युद्धकाळात शस्त्र-उद्योग आपोआप असतो. भारताने ऑगस्ट २०२१ मध्ये ड्रोनचे नियम सैल केले, फेब्रुवारी २०२२ मध्ये तयार ड्रोनच्या आयातीवर बंदी घातली, आणि नागपूरच्या सोलर समूहाने सैन्यासाठी 'नागास्त्र-१' हे घिरट्या घालून लक्ष्यावर आदळणारे शस्त्र पुरवले. तरीही सुटे भाग आयातच होत राहिले. फेब्रुवारी २०२५ मध्ये सैन्यासाठी मागवलेल्या ४०० मालवाहू ड्रोनचे करार त्यांतील चिनी भागांमुळे रद्द झाले. चिनी भाग वापरणाऱ्या कंपनीला दोष देणे सोपे आहे. परंतु तो भाग देशात कोणी बनवतच नसेल आणि निविदा पुन्हा सर्वात कमी दरालाच मिळणार असेल, तर प्रामाणिक कंपनीपुढे पर्याय कोणता उरतो? २०२०-२१ मध्ये देशाचा एकूण संशोधन-खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.६४ टक्के होता आणि त्यातील खाजगी उद्योगांचा वाटा सुमारे एक-तृतीयांश होता. एवढ्या अरुंद पायावर कोणतीही संरक्षण-योजना फार उंच जाणार नाही, मग तिचे नियम कितीही चांगले असोत.

उलट दिशेचा प्रवाह, म्हणजे लष्करी संशोधनाचा नागरी लाभ, भारतात लहान पण खरा आहे. क्षेपणास्त्रांच्या संमिश्र द्रव्यापासून पोलिओग्रस्त मुलांसाठी केलेले हलके कॅलिपर आणि सियाचिनच्या थंडीसाठी विकसित होऊन रेल्वेच्या डब्यांत पोहोचलेली जैव-शौचालये ही त्याची परिचित उदाहरणे आहेत. २०२१ मध्ये 'तेजस' विमानातील वैमानिकासाठीच्या प्राणवायू तंत्रावर आधारित संयंत्रे रुग्णालयांत बसवण्यात आली, कारण ते तंत्र आधीच खाजगी कंपन्यांना हस्तांतरित झालेले होते. कपाटात पडलेले पेटंट संकटकाळी उपयोगी पडत नाही.

या सहकार्याच्या वाढीबरोबर लोकशाही देखरेखीचा प्रश्नही वाढतो, आणि भारतीय चर्चेत तो सर्वाधिक दुर्लक्षित आहे. १९६१ मध्ये आयझेनहॉवर यांनी निरोपाच्या भाषणात लष्कर आणि उद्योग यांच्या संगनमताविषयी दिलेला इशारा शस्त्र-कंपन्यांच्या राजकीय प्रभावाविषयी होता. आज त्यात व्यक्तिगत विदा, चेहरा-ओळख आणि कृत्रिम बुद्धिमत्ता यांची भर पडली आहे. भारतात संरक्षणातील कृत्रिम बुद्धिमत्तेविषयीचा आराखडा २०१८ मध्ये टाटा समूहाच्या अध्यक्षांच्या नेतृत्वाखालील कार्यदलाने मांडला आणि त्यानंतर त्यासाठी परिषद व अभिकरण स्थापन झाले. अशा यंत्रणेने कोणत्या कामासाठी कोणती नागरी विदा वापरावी, याचे संसदेने ठरवलेले नियम अजून नाहीत. डीआरडीओ माहिती अधिकार कायद्याच्या कक्षेतून बहुतांशी वगळलेली आहे. संघटनेची गुप्तता समजण्यासारखी असली, तरी तिच्यामार्फत विद्यापीठांत आणि नवउद्योगांत जाणारा सार्वजनिक पैसा त्या गुप्ततेत ओढला जाऊ नये. डीआरडीओने आयआयटी आणि विद्यापीठांत १५ उत्कृष्टता केंद्रे उभारली आहेत. तेथील कोणते काम प्रकाशित होईल आणि कोणते नाही, हे करारात सुरुवातीलाच लिहिले गेले, तर विद्यार्थ्याला आपली संमती विचारपूर्वक देता येईल. भारत डिसेंबर २०१७ मध्ये दुहेरी उपयोगाच्या तंत्रज्ञानाच्या निर्यातीवर नियंत्रण ठेवणाऱ्या वासेनार व्यवस्थेचा सदस्य झाला, आणि त्यामुळे नागरी उद्योगालाही कोणते सॉफ्टवेअर किंवा यंत्र परवान्याशिवाय बाहेर पाठवता येणार नाही हे पाहावे लागते. या नियमांची माहिती लहान निर्यातदारांपर्यंत पोहोचवण्याचे काम व्यापार खात्याने अजून पुरेशा जोमाने केलेले नाही.

१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या संरक्षण खरेदी नियमपुस्तिकेत मूळ दुखण्यावर प्रथमच थेट उपाय दिसतो. विकासाच्या टप्प्यात विलंब-दंड आकारला जाणार नाही, नव्याने विकसित केलेल्या वस्तूसाठी पाच वर्षांपर्यंत निश्चित मागणीची हमी देता येईल आणि ती आणखी पाच वर्षे वाढवता येईल, तसेच खुली निविदा काढण्यापूर्वी पूर्वीच्या आयुध निर्माणी मंडळाचा ना-हरकत दाखला घेण्याची अट उरणार नाही, या तिच्या तरतुदी लघुउद्योगांनी वर्षानुवर्षे मागितलेल्या होत्या. ही पुस्तिका महसुली खरेदीला, म्हणजे दारूगोळा, सुटे भाग आणि देखभाल यांना लागू आहे. तोफा, रडार, ड्रोन आणि जहाजे यांची भांडवली खरेदी वेगळ्या नियमांनी चालते, आणि अटॅग्ससारखे प्रकल्प ज्या टप्प्यांवर बारा वर्षे अडकले ते टप्पे त्याच नियमांत आहेत. निश्चित मागणीची हमी तेथेही दिली गेली, चाचण्यांचा खर्च राज्याने उचलला आणि संशोधनावरील खर्चाला निविदेच्या गुणांकनात स्थान मिळाले, तर वालचंदनगर आणि विक्रोळीत जे अधिकृत चौकटीच्या बाहेर घडले ते सर्वसाधारण व्यवहाराचा भाग होऊ शकेल.